बर्फातली मेथी

(आपल्या मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या वेळी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



गेल्या महिन्यात आपल्या चिटणीसबाईंनी मला जिन्यातच गाठले आणि म्हणाल्या, "तुम्ही लडाखला सहा महिने राहून आलात, तर त्यावर अर्धा तास बोला." मी म्हटले, "अहो, मी तिथे डोंगर चढले नाही की सरोवरे पाहिली नाहीत. एका मातीच्या भिंतीशी बसून मेथी लावली, एवढेच." त्यावर त्या म्हणाल्या, "मग मेथीवर बोला." तेव्हा आजचे भाषण मेथीवर आहे. प्रवासवर्णनाच्या आशेने ज्या आल्या असतील त्यांची आधीच क्षमा मागते.

हकिकत अशी. २०१८ साली माझी धाकटी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त लेहला होते. त्या वेळी लडाख हा जम्मू-काश्मीर राज्याचाच भाग होता. तो वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला पुढच्या वर्षी, ३१ ऑक्टोबर २०१९ ला. मुलीला दिवस गेले होते. बाळंतपणाला ती माहेरी येणार हे ठरलेले होते. डिंक, अळीव, खारीक-खोबरे सारे मी भरून ठेवले होते. पण मध्येच तिला त्रास झाला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ मनाई केली. मुलगी माहेरी येऊ शकत नाही, तर माहेराने मुलीकडे जावे, असे म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस मीच विमानात बसले. पिशवीत बाळंतविडा, लाडूंचे साहित्य, किलोभर मेथीदाणे आणि एक डबाभर बाळंतशोपा.

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकरा हजार फुटांवर आहे. पहिले तीन दिवस डॉक्टरांच्या सांगण्यावरून निजून काढले. चौथ्या दिवशी बाजारात गेले. मुख्य बाजाराच्या कडेला लडाखी बायका टोपल्या मांडून बसल्या होत्या. कोबी, गाजर, सलगम, बटाटे, पालक. भाज्या अशा टवटवीत की मी म्हटले, "हे तर छानच आहे!" मुलगी म्हणाली, "आई, हा हंगामाचा शेवट आहे. महिनाभरात रस्ते बंद होतील. मग हिरवे पान दिसेल ते विमानाने आलेले, आणि त्याचा भाव ऐकून तू पदर सावरून परत फिरशील."

तिचे खरे होते. तिथे उघड्यावर भाजी होते ती साधारण मे ते सप्टेंबर. पुढे जमीन दगडासारखी गोठते. श्रीनगरहून येणाऱ्या रस्त्यावर झोजी खिंड आहे, मनालीकडच्या रस्त्यावर तर त्याहून उंच खिंडी आहेत. त्या वर्षी हिवाळ्यात दोन्हीकडची वाहतूक बर्फाने थांबली. पूर्वीपासून तिथली माणसे हिवाळ्यात खड्ड्यात पुरून ठेवलेले सलगम-बटाटे, वाळवलेला पाला, जवाचे पीठ, सुके मांस यांवर काढत आली. आपण पावसाळ्यासाठी सांडगे-पापड घालतो, तसेच. पण आपला पावसाळा चार महिन्यांचा, त्यांचा हिवाळा सात महिन्यांचा.

आता माझी काळजी तुम्ही ओळखली असेल. मुलीची तारीख होती डिसेंबरच्या मध्यावर. आपल्याकडे बाळंतिणीला मेथीची आणि शेपूची भाजी हवी. दूध यायला हवी, कंबरेला हवी, आणि खरे सांगायचे तर आईच्या मनाला हवी. उणे पंधरा अंशांच्या थंडीत शेपू कुठून आणायचा?

मुलीच्या घरमालकीण साठीच्या होत्या. सगळे त्यांना आमा-ले म्हणत. आमा म्हणजे आई, आणि 'ले' हे आपल्या 'जी' किंवा 'राव' सारखे मानाचे. आमची भाषा हिंदी. त्यांची मोडकी आणि माझीही मोडकी, त्यामुळे छान जमले. मी काळजी बोलून दाखवताच त्यांनी माझा हात धरला आणि घरामागे नेले. तिथे एक बुटके, लांबट, विचित्र घर होते. तीन बाजूंनी मातीच्या भिंती आणि दक्षिणेकडून पॉलिथिनचा उतरता कागद. दार उघडून वाकून आत गेले, तर मला चष्मा काढावा लागला. वाफेने काचा धूसर झाल्या होत्या. ओल्या मातीचा वास आला आणि, सांगायला लाज वाटते, माझ्या डोळ्यांत पाणी आले. आत कोथिंबीर होती, पालक होता, मुळ्याचा पाला होता. शेगडी नाही, वीज नाही, काही नाही.

भगिनींनो, हे घर कसे चालते ते मी आमा-लेंकडून शिकले. ते सांगते, कारण त्यात आपल्याला न कळण्यासारखे काहीच नाही.

पहिली गोष्ट सूर्याची. लडाखला थंडी भयंकर, पण आभाळ निरभ्र. पाऊस वर्षाकाठी जेमतेम चार इंच आणि वर्षातले तीनशेच्या आसपास दिवस उन्हाचे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला कलतो हे आपण अंगणातल्या सावलीवरून जाणतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्याला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो. लेहला तो ३२ अंशांवरच चढतो. म्हणून हे घर पूर्व-पश्चिम लांब बांधतात आणि त्याचे तोंड दक्षिणेला ठेवतात. खालून तिरपे येणारे ऊन पॉलिथिनमधून शिरून थेट मागच्या भिंतीवर पडते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा ते तितके आत शिरत नाही.

दुसरी गोष्ट भिंतीची. उत्तर, पूर्व आणि पश्चिम या बाजूंच्या भिंती दुहेरी असतात. आतली उन्हात वाळवलेल्या विटांची, बाहेरचीही मातीची किंवा दगडाची, आणि मधल्या पोकळीत पेंढा किंवा लाकडाचा भुसा ठासलेला. उत्तरेकडचे छप्परही लाकूड, गवत आणि मातीचे. आतली भिंत काळी रंगवलेली, म्हणजे ऊन शोषून घेते. चूल विझली तरी वैलावरचे दूध बराच वेळ कोमट राहते ना? का, तर मातीने ऊब धरून ठेवलेली असते. तसेच इथे. दिवसभर भिंत ऊन पिते आणि रात्री ते हळूहळू परत देते. मधला पेंढा म्हणजे भिंतीच्या पाठीवरची गोधडी. त्यामुळे ऊब बाहेरच्या बाजूला न जाता आतच येते.

तिसरी गोष्ट पांघरुणाची. पॉलिथिन ऊन आत घेते आणि तापलेली हवा कोंडून धरते; पण रात्री त्याच पातळ कागदातून ऊब निघून जाते. म्हणून संध्याकाळी, ऊन डोंगराआड जाण्यापूर्वी, कागदाखालून दोरीने कापडी पडदा ओढायचा. सकाळी ऊन आले की सारायचा.

चौथी गोष्ट झरोक्याची. तुम्हाला वाटेल, एवढ्या थंडीत झरोका कशाला? पण दुपारी आत इतके तापते आणि इतका दमटपणा होतो की पाने सडतात, मावा पडतो. म्हणून छपरातला झरोका दुपारी उघडायचा आणि वेळेवर लावायचा. लावायचा, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचीच गोष्ट आहे.

ही युक्ती कोणा एकाची नाही. पॅरिसजवळच्या मोंत्रईचे लोक सतराव्या शतकापासून उंच भिंतींच्या उबेला पीचची झाडे लावीत. उत्तर चीनमध्ये अशाच जाड मातीच्या भिंतींच्या आणि रात्री गवताची चटई पांघरणाऱ्या घरांत कडक हिवाळ्यात काकड्या पिकतात. लेहला संरक्षण खात्याची शेतीविषयक प्रयोगशाळा १९६२ पासून आहे. तिथल्या मंडळींनी जमिनीत चर खणून त्यावर पॉलिथिन घालण्याची सोपी, स्वस्त पद्धत लोकांना दाखवली. पुढे गेरेस नावाच्या फ्रेंच संस्थेने आणि तिच्या लडाखी सहकारी संस्थांनी मिळून हे दुहेरी भिंतीचे घर गावोगाव नेले. २००९ साली या कामाला इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तोवर अशी पाचशेहून अधिक घरे उभी राहिली होती. माती, दगड, लाकूड, पेंढा आणि कष्ट घरच्यांचे. पॉलिथिन आणि थोडे सामान संस्थेचे. जळण मुळीच नको, हा यातला मोठा गुण. तिथे झाडे कमी, शेणाच्या गोवऱ्या स्वयंपाकालाच पुरत नाहीत. भाजीसाठी कोण जाळणार?

तर आमा-लेंनी मला भिंतीलगतची एक पट्टी आणि दाराजवळचा एक वाफा दिला. पट्टीत मी मेथी पेरली. वाफ्याच्या एका भागात मेथी आणि दुसऱ्या भागात मुखशुद्धीसाठी नेलेल्या बाळंतशोपा. त्या शेपूचेच बी, हे आपल्यापैकी पुष्कळजणी विसरतो. मी म्हटले, "एवढी घाई कशाला? नोव्हेंबरात पेरते." आमा-ले हसल्या. त्यांचे म्हणणे असे की थंडीत झाड वाढत नाही, फक्त टिकते. दिवस दहा तासांच्या खाली आला की पाने जागच्या जागी थांबतात. म्हणून हिवाळ्यात खायचे ते ऑक्टोबर उजाडताच पेरून नोव्हेंबर सरेपर्यंत वाढवून घ्यायचे. पुढे हे घर म्हणजे शेत नव्हे, फडताळ. लागेल तसे कापून न्यायचे.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात माझी मेथी वीतभर झाली. शेपूला पिसारा फुटला. मी रोज जाऊन पाहत असे आणि दिवस मोजत असे.

आता माझ्या चुकीची गोष्ट. महिनाअखेरीस आमा-लेंना दोन दिवस भावाकडे जावे लागले. जाताना त्यांनी मला दोनच कामे सांगितली: तीन वाजता झरोका लाव आणि चारच्या आत पडदा ओढ. त्यांचे कोथिंबिरीचे दोन मोठे वाफे तयार होते. डिसेंबरात त्यांचा लोसर, म्हणजे नववर्षाचा सण असतो. त्या वेळी कोथिंबिरीला चांगला भाव येतो. त्या पैशांतून नातीची शाळेची फी जायची होती. हे मला माहीत होते.

पहिला दिवस नीट गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला मुलीच्या पोटात दुखू लागले. जावई कामावर. मी शेजाऱ्यांची गाडी बोलावली आणि तिला रुग्णालयात नेले. घाबरण्यासारखे काही नव्हते, रात्री नऊला आम्ही परत आलो. मी तिला निजवले, गरम पाणी दिले, देवाला नमस्कार केला आणि झोपले. झरोका सताड उघडा होता आणि पडदा सारलेला होता.

पहाटे एकदम जाग आली आणि आठवले. शाल गुंडाळून धावले. बॅटरीच्या उजेडात पाहिले, पॉलिथिनला आतून बर्फाची जाळी धरली होती. शेपू काळा पडून आडवा झाला होता. दाराजवळची मेथी गेली होती. आणि कोथिंबीर, दोन्ही वाफे, शिजवल्यासारखी मऊ होऊन जमिनीला चिकटली होती. पालक मान टाकून होता. मी तिथेच वाफ्याच्या काठावर बसले. माझे नुकसान मला सोसले असते. पण दुसरीच्या नातीची फी माझ्या हातून गेली, हे मला आजही आठवले की कसेसे होते.

दुपारी आमा-ले आल्या. मी दारातच सांगून टाकले. रडत होते, हेही सांगते. त्या आत गेल्या, हळूहळू सगळीकडे फिरल्या. कोथिंबिरीजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या. काही बोलल्या नाहीत. मग मला जवळ बोलावले, माझा तळहात धरून काळ्या भिंतीवर ठेवला आणि म्हणाल्या, "देखो." भिंत अजून कोमट होती. रात्रभर झरोका उघडा राहूनही भिंतीने आपले काम सोडले नव्हते. आणि तिच्या पायथ्याशी माझी वीतभर रुंदीची मेथीची पट्टी, दोन-चार पाने करपलेली, पण जिवंत होती. पालकही दुपारपर्यंत मान वर करून उभा राहिला. तो थंडीला मोठा चिवट.

मी पैसे पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. "बच्चा ठीक है?" एवढेच विचारले.

रात्री विचार करता करता मला समुद्र मेथी आठवली. मुंबईकडच्या बायकांना ती ठाऊक आहे. वाळूत दाणे दाट पेरायचे आणि कोवळी, चार बोटे उंचीची झाली की मुळासकट उपटायची. त्या मेथीला फारसे ऊन लागत नाही, कारण ती दाण्यातल्या शिदोरीवरच वाढते. मी दुसऱ्याच दिवशी किलोतले उरलेले दाणे भिजवले. नदीकाठची वाळू आणून भिंतीच्या कडेने जुने पत्र्याचे डबे आणि एक फुटकी परात भरली आणि दाणे एकाला एक लागतील इतके दाट पेरले. आपल्याकडे आठ-दहा दिवसांत येते ती मेथी तिथे तीन आठवड्यांनी आली. पण आली. आठवड्याच्या अंतराने मी तीनदा पेरली. आणि त्या महिन्याभरात एकही संध्याकाळ अशी गेली नाही की मी स्वतः जाऊन झरोका चाचपून पाहिला नाही.

नात झाली १४ डिसेंबरला. बारा दिवसांनी तिच्या आईच्या ताटात लसणीची फोडणी दिलेली समुद्र मेथीची भाजी पडली. शेपू नाही मिळाला. बाकीची मेथी मी जुड्या बांधून आमा-लेंच्या टोपलीत ठेवली. बाजारात लडाखी गिऱ्हाइकांनी चाखून तोंडे वाकडी केली, कडू म्हणून. पण मैदानी भागातून आलेल्या दुकानदारांनी ती हातोहात उचलली. कोथिंबिरीची भरपाई पुरी झाली नाही. साधारण निम्मी झाली. उरलेल्या निम्म्याबद्दल आमा-ले म्हणाल्या, "बी दे." म्हणून मार्चमध्ये निघताना डब्यातल्या सगळ्या बाळंतशोपा मी त्यांच्या ओंजळीत ओतल्या.

आता तुम्ही विचाराल, आपण गच्चीवर असे घर बांधावे काय? मी सांगेन, मुळीच बांधू नका. लडाखचा शत्रू थंडी. आपला शत्रू वैशाखाचे ऊन आणि आषाढाचा मुसळधार पाऊस. असे बंद घर आपल्याकडे भट्टी होईल. आपल्याला उन्हाळ्यात सावलीची जाळी हवी आणि पावसाळ्यात चहूबाजूंनी मोकळे असे वरचे छप्पर हवे. पण तिथली तीन तत्त्वे इथेही लागू पडतात. पहिले, कुंड्या मांडण्यापूर्वी आपल्या गॅलरीत डिसेंबरात ऊन कुठे येते आणि मेमध्ये कुठे, ते पाहावे. दक्षिणेच्या गॅलरीत थंडीत भरपूर ऊन मिळते आणि तीच पालेभाजीची वेळ. दुसरे, लागेल तेव्हा पेरू नये, लागण्याआधी पेरावे. तिसरे, भिंतीची ऊब वाया घालवू नये. निफाडच्या बाजूला पारा उतरला की द्राक्षबागांतून रात्री शेकोट्या पेटवतात, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. ज्यांच्या परसात दक्षिणमुखी दगडी भिंत आहे, त्यांनी थंडीतली नाजूक रोपे तिच्या पायथ्याशी ठेवून पाहावीत.

आणि चौथी गोष्ट, ती भाजीची नाही. लडाखच्या गावांत बायकांची मंडळे आहेत. त्यांना आमा छोग्स्पा म्हणतात. आमा-ले आपल्या गावच्या मंडळात होत्या. त्यांच्या घराच्या भिंती चढल्या, तेव्हा विटा थापायला मंडळातल्या बायका आल्या होत्या. पुढे कुणाच्या घरी बाळंतीण असली, आजारी माणूस असले, की हिरव्या पाल्याची पहिली कापणी त्या घरी जाई. माझ्या मुलीच्या ताटात पालक आला तो असाच, चार घरांतून. आपणही मंडळ चालवतो. सहली, पाककृती-स्पर्धा, भजन सारे करतो आणि ते करावेच. पण आपल्या वाड्यांत आणि सोसायट्यांत कोण बाळंतीण आहे, कोणाला रोजची भाजी आणायला जिना उतरवत नाही, याची एक वही मंडळाकडे असावी, असे मला सुचवायचे आहे. चिटणीसबाई, ही सूचना आपण लिहून घ्यावी.

गेल्या वर्षी आमा-लेंचा फोन आला होता. नातीला, म्हणजे त्यांच्या, दहावीची परीक्षा होती. माझी नात शाळेत जाते हे ऐकून त्या हसल्या. शेपू दर वर्षी येतो म्हणाल्या. मी विचारले, "आवडतो का?" तर म्हणाल्या, "नाही. पण बाळंतीण आली की देते."

आज संक्रांत आहे. वाण म्हणून मी प्रत्येकीसाठी मेथीदाण्यांची एक पुडी आणली आहे. फोडणीत घालू नका. एखाद्या फुटक्या परातीत वाळू भरा आणि दाट पेरा. दहा दिवसांनी जी येईल ती निम्मी घरी ठेवा आणि निम्मी शेजारी द्या.

तिळगूळ घ्या, गोड बोला. नमस्कार.